अकरावं नाव

आमच्या सोसायटीचं महिला मंडळ पंचवीस वर्षांचं झालं म्हणून स्मरणिका काढताहेत. सेक्रेटरीबाई परवा घरी आल्या आणि म्हणाल्या, "सुनीतीताई, कमरजहांभाभींवर चार शब्द तुम्हीच लिहा. इतकी वर्षं समोरासमोर राहिलात, तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?" जाताना एक छापील चिठ्ठी ठेवून गेल्या. मजकूर दीडशे शब्दांत. हसरा फोटो जोडावा. अप्रिय प्रसंग टाळावेत.

टाळले बरं का. दीडशे शब्द मोजून लिहून दिले. कमरजहांभाभी प्रेमळ होत्या, कष्टाळू होत्या, मनमिळाऊ होत्या. स्मरणिकेतल्या सगळ्याच मेलेल्या बायका तशा असतात. पस्तीस वर्षं मी एका शाळेत क्लार्क होते, शेवटची बारा हेडक्लार्क. असला मजकूर मी झोपेतही लिहीन. हे दुसरं लिहितेय ते मंडळासाठी नाही. कोणासाठी ते शेवटी सांगते.

गुलटेकडीच्या उतारावर आमची तीन मजली इमारत. दुसऱ्या मजल्यावर दोनच दारं, एकमेकांसमोर, आणि मधून जिना. एका दारात आम्ही, म्हणजे मी, माझे यजमान यज्ञेश्वर आणि मुलगी पद्मजा. दुसऱ्या दारात मकबूलभाई शेख आणि त्यांची बायको कमरजहां. मकबूलभाई स्वारगेटला बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे भाभी दुसऱ्यांच्या मुलांवर माया करायच्या, असं बायका हळवा आवाज काढून म्हणत. काहीतरीच! भाभींना मूल सांभाळायचं काम येत होतं म्हणून त्या करायच्या. मला टायपिंग येत होतं म्हणून मी टायपिंग करायची, तशी.

सुरुवात आमच्या पद्मजापासून झाली. बाळंतपणाची रजा संपली, सासूबाई सोलापूरला दिरांकडे, आणि मी दारात चार महिन्यांचं पोर घेऊन रडत उभी. भाभी समोरून आल्या, पद्मजाला माझ्या हातातून उचललं आणि म्हणाल्या, "जा तुम्ही. रडंल, मग राहील." संध्याकाळी आले तर पोर त्यांच्या मांडीवर गाढ. दुसऱ्या वर्षी चार मुलं झाली, पुढं सात-आठ. मकबूलभाई गेल्यावर तर तेच घर, तेच पोटापाण्याचं साधन. मुलं त्यांना खाला म्हणायची. आजही भर रस्त्यात मिशा आलेला एखादा बाप्या मला थांबवून विचारतो, "काकू, खाला कशा आहेत?" काय सांगणार त्याला!

भाभींची एक पद्धत होती. त्या मुलं मोजायच्या नाहीत. कुणी विचारलं, "किती मुलं आहेत हो तुमच्याकडे?" तर म्हणायच्या, "आहेत आपली, अल्लाची कृपा." मी चिडवायची, "अहो, दहापर्यंत आकडे येत नाहीत का?" त्यावर त्या, "मोजू नये ताई पोरं. नजर लागते." मी शिकलेली ना, मला हसू यायचं. मोजण्याऐवजी त्या नावं घ्यायच्या. दुपारी चारला मुलांना उठवायचं, दूध द्यायचं, तेव्हा एकेकाच्या डोक्याला हात लावत नावं घेत जायच्या. जे मूल पहिल्यांदा आलं त्याचं पहिलं, जे काल आलं त्याचं शेवटी. एकही नाव कधी चुकलं नाही. त्यांच्या हाताखाली मदिनाबी होत्या, वीस वर्षं. थोराड बाई, आवाज फाटका, पण कितीही किरकिरं पोर त्यांच्या खांद्यावर पाच मिनिटांत गप्प होई.

मग नियम आले. टीव्हीवर पाळणाघरांच्या बातम्या यायला लागल्या होत्या, आयांचा जीव उडाला होता. नियम वाईट होते असं मी म्हणणार नाही. दोन खोल्यांत पंचवीस पोरं कोंबून त्यांना खोकल्याचं औषध पाजून झोपवणारी बाई मी या डोळ्यांनी पाहिलीय. नोंदणी करा, नाहीतर बंद करा, एवढंच सरकारचं म्हणणं. एका मुलामागे इतकी जागा हवी. दहा मुलांना दोन सेविका हव्यात, आणि त्यातली एक तरी दहावी पास. टेप लावून मोजलं तर भाभींच्या हॉलमध्ये आणि आतल्या खोलीत मिळून बरोबर दहा मुलं बसत होती. त्या वेळी होतीही दहाच.

फॉर्म अर्थात मी भरला. भाभी सातवी शिकलेल्या, त्यांनी माझ्यासमोर कागद ठेवला आणि म्हणाल्या, "तुमचं काम आहे हे." मला तर उलट उत्साह. आयुष्यभर मी एकच गोष्ट शिकले होते, की कागद बरोबर असला की कुणाच्या बापाची भीती नाही. मदिनाबींच्या शिक्षणाच्या रकान्यात मी लिहिलं, निरंक. त्या शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "काय लिहिलंस गं?" मी सांगितलं. "म्हंजे?" "म्हणजे काही नाही." त्या हसल्या. आठवड्याभरानं त्यांनी सांगितलं की गुडघे दुखतात, आता जिने होत नाहीत, आणि त्या कात्रजला लेकीकडे राहायला गेल्या. गुडघे त्यांचे दहा वर्षांपासून दुखत होते.

नोंदणीच्या ऑफिसातून खळदकर नावाचे साहेब यायचे. सरळ माणूस. त्यांनी जागा पाहिली, तात्पुरती परवानगी दिली आणि सांगितलं, "सहा महिन्यांत दहावी पास सेविका दाखवा, मग पक्कं प्रमाणपत्र." दोन मुली येऊन गेल्या. पहिली अकरा दिवस टिकली, दुसरी मॉलमध्ये लागली. दहावी झालेल्या मुलीनं दुसऱ्यांच्या पोरांची ढुंगणं का धुवावीत, हे तिच्या आईनं मला तोंडावर विचारलं.

त्याच दिवसांत कुसुम आली. मंडईत पालेभाजीची पाटी लावते. नवरा भैरू मार्केट यार्डात हमाल होता, पाठीत मार बसून गावी सासवडकडे पडून होता. कडेवर अडीच वर्षांची पोर, तेलानं चप्प केलेले केस, नाकाला शेंबूड आणि डोळे असे की सगळ्या खोलीची झडती घेताहेत. आनंदी नाव. कुसुम तिला मंडईत पाटीशेजारी पायाला लुगड्याची चिंधी बांधून बसवायची. आठवड्यापूर्वी ती सोडवून पोर टेम्पोच्या चाकाखाली जाता जाता वाचली होती.

भाभींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दहा म्हणजे दहा. कागदावर लिहून दिलंय आपण." कुसुम मला म्हणाली, "बाई, ही लई पळती. पण वाईट न्हाई. हाक मारली की थांबती. म्या शिकवलंय तिला. गाड्या येत्यात ना मंडईत, मंग? आनंदे म्हनलं की जाग्याव हुबी. कुटं बी असू द्या." आणि लगेच करून दाखवलं. पोर खाली सोडली, ती जिन्याकडे सुसाट, आणि कुसुमनं पाठमोरं उभं राहून नुसतं "आनंदे!" म्हटलं. पोर जागच्या जागी थांबली, एक पाय उचललेला. भाभी खळखळून हसल्या. मीही हसले.

ती गेल्यावर भाभी म्हणाल्या, "ताई, हिला परत चिंधीनं बांधायला पाठवू का मी?" त्यांच्या आवाजात राग होता, माझ्यावर. माझंही डोकं फिरलं. पण खरं सांगते, युक्ती मीच काढली. म्हटलं, "ठेवा. कागदावर दहाच राहतील. साहेब आले की अकरावीला मी माझ्या घरी नेते. माझ्या घरात मूल असू नये असा काही कायदा नाही." आणि एकदा तसं झालंही. ऑफिसमधून एक बाई अचानक आल्या, मी आनंदीला उचलून आमच्या घरी आणलं, दार लावलं, चिवडा खायला घातला. बाई दहा मुलं मोजून निघून गेल्या. पोर माझ्या डब्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खात होती. मला तिचा लळा लागला होता हो. म्हातारपणी लागू नये तसा.

सहा महिने संपत आले तरी सेविका मिळेना. भाभींची झोप उडाली. परवानगी गेली तर दहा घरांच्या आया काय करणार, भाभी काय खाणार, आणि आनंदी कुठं जाणार, पुन्हा चिंधीला? मग मी म्हटलं, "माझं नाव लिहा. मी मॅट्रिक आहे, रिटायर्ड आहे, समोरच राहते." भाभी म्हणाल्या, "पण तुम्ही थोड्याच करणार?" मी म्हटलं, "कागदावर करीन." दुसरी सेविका म्हणून माझं नाव, वय, शिक्षण, सही. कसा सुरेख दिसत होता तो तक्ता! एकही रकाना रिकामा नाही.

आता कुणालाही दिसेल ते मला दिसलं नव्हतं का? साहेब आले की अकराव्या मुलीला घेऊन मी माझ्या घरात बसायचं, आणि साहेब आले की सेविका म्हणून मी भाभींच्या घरात बसायचं. एकच बाई, दोन घरं. दिसलं होतं, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, हे आहेत ना घरी.

हे म्हणजे यज्ञेश्वर. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा पाय ओढत चालायचे, हातात काठी. बोलणं शाबूत होतं, आणि आवाज तर खणखणीत. खुर्चीत बसल्या जागेवरून "अगं सुनीती!" अशी हाक मारायचे की तिसऱ्या मजल्यावर ऐकू जावी. पाणी हवं, हाक. चष्मा सापडत नाही, हाक. मला त्या हाकेचा वैताग यायचा.

साहेब शुक्रवारी येणार असा फोन होता. शुक्रवारी कुसुम पोरीला मंडईत नेणार हेही ठरलं होतं, म्हणजे कसलीच भानगड नको. आले गुरुवारी. साडेतीनला खालून फोन, "जवळच दुसरीकडे आलो होतो, म्हटलं तुमचंही उरकून टाकू. गेटपाशी आहे."

मुलं झोपलेली होती. मी आनंदीला तशीच झोपेत उचललं. भाभींनी तिचा डबा, तिची पिशवी, दाराशी काढलेल्या चपला माझ्या हातात कोंबल्या. चपला मी माझ्या कपाटात टाकल्या, पोरीला पलंगावर ठेवलं आणि ह्यांना म्हटलं, "ही झोपलीय. पंधरा मिनिटांचं काम आहे. उठली तर बिस्किट द्या. आणि हे बघा, काहीही झालं तरी हाक मारायची नाही. तुमची हाक साहेबांनी ऐकली, तर मी सेविका नव्हे, समोरची काकू आहे हे तिथंच कळेल. समजलं? एक शब्द नाही." त्यांनी मान डोलावली. बाहेरून कडी घालावी असं मनात आलं होतं. पण आजारपणापासून त्यांना बाहेरून कडी घातलेली चालायची नाही, जीव घाबरायचा. दार नुसतं ओढून घेतलं.

साहेब आले. दाराकडे पाठ करून बसले. मी कमरेला पदर खोचून मुलांच्या चादरी घड्या करत होते, अगदी सेविकेसारखी. नाटकात काम मिळालं असतं मला. त्यांनी रजिस्टर पाहिलं, औषधांची पेटी पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं. चार वाजले. भाभींनी मुलांना उठवलं आणि सवयीनं डोक्याला हात लावत नावं घेतली. दहा नावं. शेवटच्या नावापाशी त्यांचा हात हवेत थोडा थांबला, मी पाहिलं. साहेब कौतुकानं म्हणाले, "वा, हजेरीची ही पद्धत चांगली आहे." आणि त्यांनी स्वतः बोटानं मोजून कागदावर लिहिलं: क्षमता दहा, उपस्थित दहा, सेविका दोन.

तेव्हा मला दारात हे दिसले. साहेबांच्या पाठीमागे, काठीवर रेललेले, शर्टाचं एक बटण उघडं. त्यांनी मला हातानं बोलावलं. मी मान हलवली, नाही. त्यांनी पुन्हा हात केला, आणि जिन्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं, पोर उठली असेल, रडत असेल, ह्यांना आवरत नसेल. आणि मला असा संताप आला! दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं धीर धरवत नाही माणसाला? मी डोळे वटारले. हातानं खूण केली, आत जा. त्यांनी तोंड उघडलं. मी ओठांवर बोट ठेवलं.

त्यांनी तोंड मिटलं आणि ते दारातून गेले.

साहेब उठले. म्हणाले, "सगळं व्यवस्थित आहे. निघतो." जाऊ द्यायचं की नाही? पुण्यात कुणी चहाला विचारत नाही म्हणून आपल्याला नावं ठेवतात ना? मी विचारला. "असं कसं, चहा घेऊन जा." ते नको म्हणत होते. मी आग्रह केला. काम फत्ते झालं होतं, जीव भांड्यात पडला होता, मला कुणावर तरी उपकार करायचे होते. आलं किसून चहा केला. साहेबांनी बशीत ओतून निवांत प्यायला, आपल्या नातीचं कौतुक सांगितलं. मग गेले.

त्यांची स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि भाभी म्हणाल्या, "आणा आता माझ्या पोरीला."

आमचं दार सताड उघडं. पलंग रिकामा. हे जिन्याच्या पहिल्या वळणावर सापडले. पायरीवर बसले होते, बसले म्हणजे पडलेच होते, काठी चार पायऱ्या खाली. कपाळ घामानं भिजलेलं. साहेब त्यांच्या शेजारूनच उतरून गेले होते; जिन्यात दम खात बसलेला कुणी म्हातारा, असं त्यांना वाटलं असणार. मला पाहून खाली बोट दाखवलं आणि म्हणाले, "खाली गेली." हळू म्हणाले. तेव्हासुद्धा हळू.

भाभी त्यांना ओलांडून धावत उतरल्या. "आनंदे! आनंदे!" तीस वर्षांत मी त्यांचा वरचा आवाज ऐकला नव्हता. खाली अंगणात कुणी नव्हतं. गुरुवारी नळाला पाणी नसतं, दुपारी टँकर आला होता. जमिनीतल्या टाकीचं लोखंडी झाकण अर्धं सरकवलेलं तसंच होतं. टँकरवाला सही घ्यायला पुढच्या इमारतीत गेला होता.

तिला बाहेर काढलं ते भाभींनी. पोहता येत नव्हतं त्यांना. तशाच उतरल्या. याहून जास्त मी लिहू शकत नाही.

पावणेसहाला कुसुम आली. हातात मेथीची जुडी होती, भाभींसाठी आणलेली.

पोलिसांनी जबाब घेतले. मी काय सांगितलं ते अक्षर न् अक्षर आठवतं: सदर बालिका माझ्या राहत्या घरी होती, माझे पती आजारी असल्याने त्यांची नजर चुकवून ती बाहेर गेली. यातलं एकही वाक्य खोटं नाही. कागदाच्या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता, म्हटलंच ना. मला भाभींना वाचवायचं होतं. निदान त्या वेळी मी स्वतःला तसं सांगितलं. ह्यांनी केलेल्या खुणेचा जबाबात उल्लेख नाही. मी वटारलेल्या डोळ्यांचाही नाही.

भाभींनी मात्र चौकीत जाऊन सांगितलं, "ती माझ्याकडची पोर होती. माझ्याकडे अकरा होती." जन्मात त्यांनी मुलं मोजली ती ही एकदा. फौजदार चांगल्या शब्दांत म्हणाले, "बाई, तुम्ही दुःखात आहात. साहेबांचा कागद आहे, त्याच दिवसाचा, त्याच वेळेचा. दहा उपस्थित." भाभी खळदकर साहेबांच्या ऑफिसात गेल्या. मी बरोबर होते, त्यांना परत आणायला. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, "मी माझ्या डोळ्यांनी मोजलेत. मी खोटा अहवाल दिला असं म्हणायचंय का तुम्हाला?" भाभी म्हणाल्या, "तुम्ही खरं मोजलंत. मी लपवली." ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "घरी जा." कुठल्याच कागदावर अकरा आलं नाही. टाकीचं झाकण, अपघात, अकस्मात मृत्यू, फाईल बंद.

तीन आठवड्यांनी पक्कं प्रमाणपत्र पोस्टानं आलं. भाभींनी पाकीट फोडलं नाही. माझ्या दारात येऊन माझ्या हातात दिलं, म्हणाल्या, "हे तुमचं." शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. महिनाअखेरीला त्यांनी सगळ्या आयांना बोलावून सांगितलं, मुलांची दुसरी सोय करा. एकीनं हात जोडले, एकीनं नोकरी सोडली, एक तर जिन्यातच बसून रडली. त्यांचं काही चुकलं नव्हतं. भाभींनी पाळणे, चादरी, वाट्या-चमचे सगळं वाटून टाकलं आणि त्या कात्रजला मदिनाबींकडे निघून गेल्या.

मी तिकडे जायची, दोन महिन्यांतून एकदा. बोलायच्या, चहा द्यायच्या, पद्मजाची चौकशी करायच्या. माझ्यावर राग होता का? विचारायची माझी हिंमत झाली नाही. गेल्या थंडीत त्या गेल्या. आदल्या आठवड्यात मी उशाशी बसले होते. मला म्हणाल्या, "ताई, चारच्या नावांत मी तिला गाळलं. तिच्याआधी कधी कुणाला गाळलं नव्हतं." मी म्हटलं, "मीच सांगितलं होतं तुम्हाला." त्या म्हणाल्या, "जीभ माझी होती." चार वाजले की त्या नावं घेतात, असं मदिनाबी सांगत होत्या. शेवटपर्यंत घेत होत्या. अकरा.

आता राहिलेलं सांगते. पोरीचं सगळं आटोपल्यावर कुसुम माझ्याकडे आली होती. चपला मागायला. माझ्या कपाटात त्या तशाच होत्या, निळ्या, पट्ट्यावर फुलपाखरू. पोर अनवाणी गेली होती त्या जिन्यानं, म्हणून पावलं वाजली नाहीत. कुसुमनं चपला पदरात बांधल्या. रडली नाही. उंबऱ्यात थांबून तिनं मला एवढंच विचारलं, "बाई, कुनी हाक न्हाई मारली व्हय तिला? हाक मारली की थांबायची ती."

हे खुर्चीत बसले होते. त्यांनी मान खाली घातली. मी म्हटलं, "कुणाच्या लक्षातच आलं नाही गं."

त्या दिवसापासून ह्यांनी मला हाक मारली नाही. पाणी हवं असलं तर पाय ओढत स्वयंपाकघरापर्यंत यायचे आणि जवळ उभं राहून सांगायचे. मी चिडले, रडले, पाया पडले, "एकदा हाक मारा हो, नुसती एकदा." ते म्हणायचे, "कशाला? येतो ना मी." दोन वर्षांनी एका सकाळी ते न्हाणीघरात पडले. मी दहा पावलांवर पोळ्या लाटत होते, दारही उघडं होतं. वीसेक मिनिटं तरी शुद्धीत असतील, असं डॉक्टर म्हणाले.

कुसुम अजून मंडईत बसते, बाहेरच्या अंगाला, पालेभाजीची पाटी घेऊन. तिला वाचता येत नाही. म्हणून उद्या सकाळी जाऊन मीच हे तिला वाचून दाखवणार आहे. तिनं मला जे करायचं ते करावं, पोलिसात जावं, चारचौघांत तोंडात मारावी. तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी सहा वर्षं दडवून ठेवलंय. हाक मारणारा माणूस दारात उभा होता, कुसुम. तोंड उघडलं होतं त्यांनी. मी मारू दिली नाही.